‘सर्वांना’ म्हणजे नेमकं कोणाला?

मागच्या अंकात आपल्या एका मित्राने लिहिलं, अमेरिका साम्राज्यवादी आहे, तिथल्या माणसाला औषध मिळतं की नाही याच्याशी झोपडपट्टीतल्या दलिताचा संबंध काय? लेख जोरदार होता. शिव्याही बऱ्या होत्या. पण हे एक वाक्य माझ्या घशाखाली उतरलं नाही. म्हणून कविता बाजूला ठेवून हे गद्य लिहितोय. गद्यात माझा हात जड आहे, सांभाळून घ्या.

मित्रा, संबंध आहे. आपण ज्यांच्याकडून नाव घेतलं त्यांच्या घरातली ही भानगड आहे.

आमच्या टोळीत एक तात्या आहे. पन्नाशी उलटलेला, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. परवा पाळी सुटल्यावर भजी ज्या कागदात बांधून आली त्यात एक जुनी बातमी होती. २०२५ च्या ऑक्टोबरात अमेरिकेचं सरकार बंद पडलं ते ४३ दिवस बंदच राहिलं. तात्याने विचारलं, कशापायी? मी म्हणालो, दवाखान्याच्या विम्यापायी. डेमोक्रॅट म्हणत होते, लोकांच्या विम्याच्या हप्त्यावरची वाढीव सवलत चालू ठेवा. रिपब्लिकन म्हणत होते, आधी सरकार उघडा, मग बघू. सरकार उघडलं, सवलत वर्षाअखेर संपली.

तात्या म्हणाला, ‘म्हंजे तिथं दवाखाना फुकट न्हाई? एवढा पैसा हाय साल्यांकडं!’

त्याला वाटलं मी थापा मारतोय. पण पैसा खरंच आहे. २०२३ साली अमेरिकेने औषधपाण्यावर सुमारे ४.९ लाख कोटी डॉलर खर्च केले. देशाच्या एकूण उत्पन्नातले शंभरात साडेसतरा. जगात एवढं कोणी खर्चत नाही. आणि तरी त्याच वर्षी अडीच कोटींहून जास्त माणसं विम्याशिवाय होती. विमा नाही म्हणजे तिथे डॉक्टरच्या दारात उभं राहायची भीती. पाय मोडला तर आधी बिलाचा विचार, मग दुखण्याचा.

का? पांढऱ्या कॉलरची माणसं याचं उत्तर देताना मोठे शब्द वापरतात. स्वातंत्र्य. सरकारने माणसाच्या आणि डॉक्टरच्या मध्ये येऊ नये. आम्ही संधी देणारा देश आहोत, खैरात वाटणारा नाही. ज्याला वर चढायचं त्याने चढावं. हे शब्द आपल्याही ओळखीचे आहेत. गुणवत्ता, कुबड्या, सवलतीचे लाडके — याच घराण्यातले.

मी एका तलावाची गोष्ट सांगतो.

अलाबामा राज्यात मॉन्टगोमेरी शहर आहे. तेच, जिथे १९५५ साली रोझा पार्क्स बसमधल्या जागेवरून उठली नाही. त्या शहरात ओक पार्क नावाची बाग आणि बागेत पोहण्याचा मोठा तलाव होता. सार्वजनिक. सरकारी पैशाने बांधलेला, म्हणजे काळ्यांच्या कराचाही पैसा त्यात होता. पोहायचे मात्र फक्त गोरे. काळे कोर्टात गेले. बाग सगळ्यांची आहे असा निकाल लागणार हे दिसू लागलं तेव्हा नगरपालिकेने काय केलं? १ जानेवारी १९५९ पासून शहरातल्या झाडून सगळ्या बागा बंद. तलाव रिकामा करून बुजवून टाकला. प्राणिसंग्रहालयातली जनावरं विकली. गोऱ्यांची पोरंही त्या उन्हाळ्यात घामाघूम होऊन घरात बसली. तलाव नंतर पुन्हा कधी बांधला गेला नाही. हेदर मॅकगी या काळ्या बाईने २०२१ सालच्या आपल्या पुस्तकात ही हकीकत लिहिली आहे आणि साऱ्या अमेरिकेचं दुखणं या एका तलावातून दाखवलं आहे.

महाड माहीत असलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. १९२७ साली चवदार तळं आपण बाटवलं म्हणून त्यांनी पंचगव्याचे घडे ओतून ते शुद्ध केलं. मॉन्टगोमेरीच्या गोऱ्यांना गोमूत्राची सोय नव्हती. त्यांनी तळंच बुजवलं.

अमेरिकेत सर्वांना औषध का मिळत नाही, याचं माझ्यापुरतं उत्तर या तलावात आहे. भांडण औषधावर नाही, ‘सर्वांना’ या शब्दावर आहे.

कोणी म्हणेल, कवीने उपमा चालवली. घ्या इतिहास. १८८१ साली प्रुडेन्शियल या विमा कंपनीने ठरवलं, काळ्याचा हप्ता गोऱ्याएवढाच, पण मेल्यावर मिळणारी रक्कम एक तृतीयांशाने कमी. पुढे याच कंपनीचा आकडेशास्त्री फ्रेडरिक हॉफमन याने १८९६ साली जाड पुस्तक लिहून ‘सिद्ध’ केलं, की काळी जात मुळातच रोगट आहे, मरणाच्या वाटेला लागली आहे, तिचा विमा काढणं म्हणजे तोटा. ड्यू बॉइसने त्याच्या आकड्यांचे वाभाडे काढले. १९१५–१६ साली अमेरिकेत पहिल्यांदा कामगारांच्या सक्तीच्या आरोग्यविम्याचा मसुदा आला, तेव्हा तो पाडायला पुढे सरसावलेल्यांत हाच हॉफमन होता. त्या मसुद्यावर न्यू यॉर्कच्या विधिमंडळात चर्चा झाली तेव्हा बाबासाहेब त्याच राज्यात कोलंबियात शिकत होते. आणि १९४६ साली त्यांनी ज्या ड्यू बॉइसला पत्र लिहिलं, तो हाच ड्यू बॉइस.

पुढे रूझवेल्ट आला. १९३५ चा सोशल सिक्युरिटी कायदा झाला. म्हातारपणाची पेन्शन, बेकारभत्ता. शेतमजूर आणि घरकाम करणारे मात्र कायद्याबाहेर. दक्षिणेत शेतमजूर कोण होते, आणि गोऱ्या बाईच्या घरी भांडी कोण घासत होतं, हे मी सांगायला पाहिजे काय? कायद्यात ‘काळा’ हा शब्द कुठेच नाही. असला शब्द शहाणी माणसं कायद्यात लिहीत नाहीत.

संधीचंही तसंच. लढाईवरून परतलेल्या सैनिकांना घर, धंदा, शिक्षण यासाठी मदत म्हणून १९४४ साली कायदा झाला. गोरा मध्यमवर्ग उभा राहिला तो या कायद्यावर. १९४७ साली मिसिसिपीतल्या तेरा शहरांत या योजनेखाली ३,२२९ कर्जं दिली गेली. त्यातली काळ्या सैनिकांना किती? दोन. छापण्याची चूक नाही, दोन. आणि आज त्याच गोऱ्यांचे नातू म्हणतात, आमच्या आजोबाने हिमतीवर घर बांधलं.

१९४५ च्या नोव्हेंबरात ट्रुमनने सर्वांसाठी राष्ट्रीय आरोग्यविमा मागितला. तो कोणी पाडला? डॉक्टरांनी. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने आपल्या प्रत्येक सभासदावर २५ डॉलरची वर्गणी बसवली आणि व्हिटेकर अँड बॅक्स्टर ही जाहिरातवाली नवरा-बायकोची कंपनी भाड्याने घेतली. त्यांनी गावोगाव एकच बोंब उठवली, ही समाजवादी वैद्यकी आहे, रशिया येतोय. याच असोसिएशनच्या दक्षिणेतल्या शाखा काळ्या डॉक्टरांना सभासद करून घेत नव्हत्या, म्हणून काळ्या डॉक्टरांनी १८९५ पासूनच आपली वेगळी संघटना काढली होती. असोसिएशनने त्याची माफी मागितली २००८ साली. दक्षिणेतल्या गोऱ्या पुढाऱ्यांचं दुखणं आणखी वेगळं. दिल्लीसारखे वॉशिंग्टनचे पैसे आले की पैशामागून वॉशिंग्टनचा इन्स्पेक्टर येणार आणि विचारणार, दवाखान्यात दोन दरवाजे का?

खरंच दोन दरवाजे होते. १९४६ साली दवाखाने बांधायला सरकारी पैसा देणारा हिल-बर्टन कायदा झाला, त्यात ‘वेगळे पण समान’ अशी सोय लिहून ठेवलेली. काळ्यांचे वॉर्ड कित्येकदा तळघरात. अमेरिकन रेड क्रॉस १९५० पर्यंत रक्ताच्या बाटल्यांवर चिठ्ठी लावायची, हे गोऱ्याचं, हे काळ्याचं. रक्ताला जात! लढाईत गोळी लागलेल्या माणसालाही आधी जात विचारायची. च्यायला, आपल्याकडच्या भटाने हे वाचलं असतं तर त्याला गहिवरून आलं असतं.

आता या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती १९६६ ची गोष्ट. आपल्या तरुण मित्रांनी इथे थोडं थांबून वाचावं.

१९६५ च्या ३० जुलैला जॉन्सनने मेडिकेअर आणि मेडिकेड या कायद्यांवर सही केली. मेडिकेअर म्हणजे ६५ वर्षांवरच्यांचा सरकारी विमा, मेडिकेड म्हणजे गरिबांचा. त्याच्या आदल्याच वर्षी नागरी हक्कांचा कायदा झाला होता. त्यात कलम होतं, सरकारी पैसा घ्याल तर वर्णभेद चालणार नाही. मेडिकेअर १ जुलै १९६६ ला सुरू व्हायचं होतं. सरकारने दवाखान्यांना कळवलं, म्हाताऱ्यांच्या उपचाराचे पैसे हवेत? मग पाट्या उतरवा. वॉर्ड एक करा. तपासायला माणसं गेली. काळ्या नर्सा, काळे कामगार त्या तपासनिसांना गुपचूप सांगायचे, पाहणीपुरते पेशंट हलवलेत, तुमची पाठ फिरली की परत तळघरात. आणि साधारण चार महिन्यांत हजाराच्या आसपास दवाखान्यांतला उघड वर्णभेद संपला. शंभर वर्षं जे प्रार्थनेने झालं नाही, बायबलने झालं नाही, ते तिजोरीच्या किल्लीने चार महिन्यांत झालं.

यावरून मी शिकलो ते असं. सर्वांसाठीचा कायदा ही भीक नाही, पहार आहे. बंद दरवाजा त्याने उचकटता येतो. पण पहार आपोआप चालत नाही. मागे रस्त्यावर उतरलेली माणसं होती, नॉर्थ कॅरोलिनातल्या दवाखान्यावर खटला भरून १९६३ साली ‘वेगळे पण समान’ मोडून काढणारा सिम्किन्स नावाचा काळा दातांचा डॉक्टर होता, आणि जीव मुठीत धरून आतली माहिती बाहेर देणाऱ्या त्या नर्सा होत्या.

आता पँथरकडे येतो.

१९७२ साल. मुंबईत दलित पँथर जन्मली. त्याच १९७२ मध्ये ओकलंडच्या ब्लॅक पँथर पक्षाने आपला दहा कलमी कार्यक्रम दुरुस्त केला आणि त्यात नवं कलम घातलं : काळ्यांना आणि साऱ्या पीडितांना पूर्णपणे मोफत आरोग्यसेवा. आणि त्याच १९७२ च्या जुलैत उघडकीला आलं, की अलाबामातल्या टस्कीगी इथे सरकारच्याच आरोग्यखात्याने सहाशे काळ्या पुरुषांवर चाळीस वर्षं प्रयोग चालवला. त्यातल्या ३९९ जणांना गरमीचा रोग होता. पेनिसिलीन हाताशी आलं तरी दिलं नाही. रोग माणसाला कसा खातो हे बघायचं होतं.

पँथरवाले नुसते निवेदन देऊन थांबले नव्हते. १९६९–७० पासून त्यांनी अनेक शहरांत मोफत दवाखाने काढले. भाड्याच्या खोल्या, मागून आणलेली यंत्रं, फुकट काम करणारे डॉक्टर आणि वैद्यकीचे विद्यार्थी, त्यात गोरेही. शिकागोत आरोग्यखात्याने परवान्याचं निमित्त करून त्यांना छळलं. १९७१ पासून त्यांनी सिकलसेल या रक्ताच्या रोगाच्या तपासण्या हाती घेतल्या. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांत अडकतात, माणूस वेदनेने लोळतो. काळ्यांचा रोग, म्हणून कोणी त्यावर पैसा लावत नव्हतं. पँथरच्या पोरांनी बोटाला सुई टोचून हजारो माणसं तपासली. १९७२ च्या मे महिन्यात निक्सनला, हो त्या निक्सनला, सिकलसेलच्या कायद्यावर सही करावी लागली. सिअ‍ॅटलमध्ये पँथरांनी सुरू केलेला दवाखाना कॅरोलिन डाउन्स या नावाने आजही चालतो.

आपण काय उचललं? काळं जाकीट उचललं. मूठ उचलली. कविता उचलली, आणि आपल्या कविता त्यांच्याहून कमी पेटलेल्या नाहीत, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. पण सुई उचलली नाही. १९७३ च्या आपल्या जाहीरनाम्यात ब्लॅक पँथरचं नाव अभिमानाने आलं. त्यांच्या दवाखान्याची आठवण आपल्या किती सभांत निघाली? मी तरी ऐकली नाही. बंदुकीचा फोटो भिंतीवर लावायला सोपा जातो.

मित्राचा दुसरा मुद्दा असा, की हा सगळा वर्गाचा प्रश्न आहे, भांडवलदार विमा कंपन्यांचा नफा हे मूळ कारण, रंगाचं तुणतुणं कशाला? नफा आहेच. हजार वेळा आहे. पण नफेखोराला मत कोण देतं? जोनाथन मेट्झल नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने २०१९ सालच्या पुस्तकात टेनेसीतल्या एका गोऱ्याविषयी लिहिलंय. एकेचाळीस वर्षांचा टॅक्सीवाला, लिव्हर सडलेलं, विमा नाही, खिशात दमडी नाही. चाळीसेक मिनिटांवरच्या केंटकी राज्यात असता तर ओबामाच्या कायद्याखाली त्याला उपचार मिळाले असते. तो म्हणाला, मेलो तरी चालेल पण तो कायदा नको, माझ्या कराचा पैसा मेक्सिकनांच्या आणि आयतखाऊ बायांच्या घशात जायला नको. हा भांडवलदार नव्हे. हा आपल्यासारखाच फाटका. तो स्वतःचा तलाव स्वतःच बुजवतोय.

ओबामाचा कायदा २३ मार्च २०१० चा. २०१२ साली सुप्रीम कोर्टाने मेडिकेडचा विस्तार राज्यांच्या मर्जीवर सोडला. खर्चातले शंभरातले नव्वद केंद्र देणार होतं, तरी २०२५ संपेपर्यंत दहा राज्यांनी घेतलं नव्हतं. त्या दहातली सात, टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, साउथ कॅरोलिना, टेनेसी, ही १८६१ साली गुलामगिरी टिकवायला लढाईला उभी राहिलेली राज्यं. नकाशा सरकवा, रेघा त्याच. उलटंही सांगतो, नाहीतर माझं म्हणणं खोटं पडेल. ओक्लाहोमा आणि मिसूरी ही काही पुरोगाम्यांची राज्यं नाहीत, पण २०२० साली तिथल्या लोकांनी थेट मतदान करून विस्तार मंजूर करून घेतला. म्हणजे बुजवलेलं खणता येतं.

४ जुलै २०२५ ला ट्रम्पने सही केलेल्या कायद्याने मेडिकेडला मोठी कात्री लावली. त्यातली एक अट तर आम्हा हमालांना नीट कळेल. या विस्तारातल्या धडधाकट माणसाने महिन्याला ८० तास काम केल्याचा पुरावा द्यायचा. ऐकायला किती रास्त! आर्कान्सासमध्ये २०१८ साली असली अट लावली, तेव्हा काही महिन्यांत सुमारे १८,००० माणसं योजनेबाहेर फेकली गेली, मग कोर्टाने थांबवलं. ती सगळी कामचुकार होती काय? आमच्यासारख्या कंत्राटी माणसाला विचारा. आज बारा तास, उद्या जहाज नाही म्हणून शून्य. हजेरी मुकादमाच्या वहीत, वही त्याच्या खिशात. कॉइलीखाली माझं बोट चेचलं त्या दिवशी त्या वहीत माझं नावच नव्हतं. पुरावा कुठून आणू?

गोदीवरून आठवलं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आमच्याच धंद्यातली आयएलडब्ल्यूयू ही युनियन आहे. १९३४ च्या संपात पोलिसांच्या गोळ्या खाऊन उभी राहिली. १९५० च्या सुमाराला तिने गोदी कामगारांना आणि त्यांच्या बायकापोरांना असा दवाखान्याचा बंदोबस्त मिळवून दिला, की आजही लोक नाव काढतात. सॅन फ्रान्सिस्कोत हॅरी ब्रिजेसने काळ्यांना युनियनमध्ये घेतलं. आणि त्याच युनियनच्या पोर्टलंड शाखेने १९६० च्या दशकापर्यंत एकाही काळ्याला सभासद होऊ दिलं नाही. लाल बावटा तोच. कॉम्रेड हा शब्दही तोच. दवाखाना कामाशी बांधला, आणि कामाचा दरवाजा गोऱ्या कामगाराने आतून बंद केला. वर्गाचं तुणतुणं वाजवणाऱ्या मित्राने पोर्टलंडला जाऊन यावं.

मग कायदा सर्वांसाठी झाला की संपलं? तेही नाही. २०२३ साली अमेरिकेत बाळंतपणात मरणाऱ्या काळ्या बायका लाखामागे ५०.३, गोऱ्या १४.५. २०१७ साली टेनिसवाली सेरेना विल्यम्स बाळंत झाली. रक्ताच्या गाठींचा त्रास तिला आधीपासून होता. श्वास कोंडला तेव्हा ती स्वतः सांगत होती, स्कॅन करा, औषध द्या. नर्सला वाटलं, दुखण्याच्या औषधाने बरळतेय. गाठ निघाली फुप्फुसात. पैसा, नाव, विमा सगळं असून काळ्या बाईचा शब्द आधी खोटा धरला गेला. म्हणून डॉक्टर कोण होतो हाही याच भांडणाचा भाग आहे. २०२३ च्या जूनमध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने कॉलेजप्रवेशात वर्णाचा विचार करायला बंदी घातली, आणि २०२४ ला वैद्यकीला प्रवेश मिळालेल्या काळ्या पोरांची संख्या घसरली. आरक्षण संपवा म्हणणाऱ्यांनी आपल्या मुलीला बाळंतपणात कोणी खोटं ठरवलेलं नसतं.

तात्याला यातलं अर्धंमुर्धं सांगितलं. तो गप्प ऐकत होता. मग म्हणाला, ‘ते विळ्यासारखं रगात, ते आपल्यातबी असतंय का रं?’

असतं तात्या. विदर्भात आपल्या बौद्ध वस्त्यांत आणि आदिवासींत सिकलसेल आहे. आई आणि बाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात रोगी पोर होण्याची शक्यता चारात एक. लग्नाआधी रक्त तपासलं तर कळतं. सरकारने २०२३ साली त्यासाठी राष्ट्रीय मोहीम काढलीय. आणि मुंबईतल्या आपल्या किती वस्त्या विदर्भातून आलेल्यांनी भरल्या आहेत ते मोजा. पत्रिकेतले छत्तीस गुण आपण लाथाडले, त्या जागी ही एक तपासणी बसवली काय?

संपादकाला एक विनंती. पुढच्या अंकात कवितेचं एक पान कमी करा. त्यावर सिकलसेल म्हणजे काय, तपासणी मुंबईत कुठल्या सरकारी दवाखान्यात होते, कुठल्या वारी, कागद काय लागतात, एवढं छापा. माहिती गोळा करायला मी रविवारी मोकळा असतो, आणखी दोघं आले तर बरं. कविता कोणाची गाळायची असा प्रश्न पडला तर माझी गाळा. तशीही ती जरा लांबलीय.